लग्नाचे फोटो कोणत्या शैलीत काढायचे? कोल्हापूरकर जोडप्यांसाठी पायरीपायरीनं

सुपारी फुटली, कार्यालय ठरलं, की घरात फोटोवाल्याचा विषय निघतो. आणि आपल्याकडं तो निघतो थेट कोटेशनवरूनच. एक ट्रॅडिशनल फोटो, एक ट्रॅडिशनल व्हिडिओ, एक कँडिड, एक सिनेमॅटिक, ड्रोन, एलईडी वॉल, दोन करिझ्मा अल्बम आणि खाली आकडा. मग ड्रोन काढला तर किती कमी होतील, कँडिडवाला फक्त लग्नालाच आला तर किती, अशी घासाघीस. आपल्याला फोटो कसले हवेत, हे या सगळ्यात कुणी कुणाला विचारतच नाही.

म्हणून इथं क्रम उलटा ठेवलाय. आधी तुम्ही दोघं, मग तुमचं लग्न, मग फोटो काढणारा माणूस, आणि पॅकेज सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: मोबाइल आणि आईवडिलांचा अल्बम घेऊन बसा

दोघांनी आपापल्या मोबाइलमधून स्वतःचे आवडते दहा-बारा फोटो काढा. रील वगैरे नकोत, स्वतःचेच. आता बघा, त्यातल्या किती फोटोंत तुम्ही कॅमेऱ्याकडं बघताय? काहींचे सगळे फोटो समोर बघून, मान किंचित तिरकी, ठरलेलं हसू असे असतात, आणि ते छानच दिसतात. काहींना मात्र कॅमेरा रोखला की जबडा आवळतो, खांदे वर जातात, आणि त्यांचा एकमेव बरा फोटो मित्रानं चोरून काढलेला असतो. पहिल्या माणसाला पोझ देऊन काढलेले फोटो शोभतात. दुसऱ्याला दिवसभर 'स्माइल, स्माइल' म्हणत उभं केलं, तर अख्ख्या अल्बमभर तो पासपोर्टला बसल्यासारखा दिसतो. जोडप्यात एक असा आणि एक तसा, असंही पुष्कळदा असतं. तेही आत्ताच कळलेलं बरं.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. बघून ठरवलेलं लग्न असेल आणि तुमच्या भेटी चार-दोनच झाल्या असतील, तर कपाळाला कपाळ टेकवून, कमरेत हात घालून काढलेले फोटो अवघडलेले येतात. त्यात तुमचा काही दोष नाही, ओळखच नवी आहे. आणि शेजारी सासरे उभे असताना तर बोलायलाच नको. अशा जोडप्यानं 'रोमँटिक' शैलीचा हट्ट सोडावा आणि जे घडतंय ते टिपणाऱ्या माणसाकडं जावं. अंतरपाट धरलेला असताना चोरून बघणं, घास भरवताना उडालेली धांदल यात खरी गंमत असते, आणि त्यासाठी अभिनय करावा लागत नाही.

मग आईवडिलांचा अल्बम उघडा. ते कोणत्या पानावर थांबतात, तेवढंच बघा. बहुतेक घरांत ते पान स्टेजवरच्या ग्रुप फोटोचं असतं, कारण त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. कँडिडच्या नादात ग्रुप फोटो रद्द करायचा विचार डोक्यात असेल, तर हे एकदा बघून मगच करा.

दुसरी पायरी: नावांमागं काय आहे ते समजून घ्या

ट्रॅडिशनल म्हणजे स्टँडवर लाइट, कॅमेऱ्यावर फ्लॅश, सगळे समोर बघणारे, प्रत्येक विधीचा आणि प्रत्येक पाहुण्याचा फोटो. याला हल्ली उगाच नाकं मुरडतात. दोन-अडीच तासांत स्टेजवर येणारी पाच-सातशे माणसं, एकाचेही डोळे मिटलेले नाहीत अशी टिपणं हे कसबाचं काम आहे.

कँडिड म्हणजे न सांगता टिपलेला फोटो. निदान मूळ अर्थ तो. बाजारात कँडिड म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं सांगून करवून घेतलेलं असतं: 'वहिनी, दादांकडं बघून हसा, माझ्याकडं बघू नका.' मागची फुलं धूसर, चेहरा ठसठशीत. फोटो सुंदर येतो, पण हा दिग्दर्शनाचाच प्रकार आहे. तो हवा असेल तर जरूर घ्या. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, आणि मुहूर्ताच्या गडबडीत तो वेळ कुठून काढणार ते आधी ठरवा.

डॉक्युमेंटरी पद्धतीत फोटोग्राफर काहीच सांगत नाही. तो पत्रकारासारखा फिरतो. स्वयंपाकघरात तांबड्या-पांढऱ्याच्या पातेल्यापाशी घाम पुसणारे काका, रुखवत मांडताना दोन आत्यांची कुजबुज, हळदीत सगळ्यांना माखून स्वतः पळणारा धाकटा दीर. वर्षं जातील तसे हे फोटो जास्त गोड लागतात, असं माझं मत. पण यात तुम्ही सुंदरच दिसाल याची हमी नाही, आणि ज्यांना प्रत्येक फोटोत केस जागच्या जागी हवेत त्यांनी या वाटेला जाऊ नये.

एडिटोरियल किंवा फाइन आर्ट म्हणजे मासिकाच्या मुखपृष्ठासारखं. मांडणी, कपडे, दागिने, प्रकाश सगळं ठरवून. कोल्हापुरी साज, ठुशी, चिंचपेटी, नथ यांचं बारीक काम बघायचं असेल, तर हीच शैली लागते. त्यासाठी नवरीला तयार झाल्यावर निवांत अर्धा तास आणि खिडकीचा उजेड असलेली खोली हवी. आमच्याकडच्या कार्यालयांत वधूपक्षाची खोली म्हणजे वीस बायका, चाळीस बॅगा आणि एक ट्यूबलाइट. तेव्हा ही खोली आधी जाऊन बघा.

सिनेमॅटिक व्हिडिओबद्दल एकच सांगतो. चार-पाच मिनिटांची फिल्म तुम्ही मित्रांना दाखवाल, पण घरातल्या मोठ्यांना लांबलचक व्हिडिओ हवा असतो, मंगलाष्टकांसकट. सिनेमॅटिक घेतलंत तरी अख्खं रेकॉर्डिंग वेगळं मिळणार का, ते विचारा.

तिसरी पायरी: मुहूर्त आणि उजेड यांची सांगड घाला

शैलीचा खरा निकाल इथं लागतो, आणि इथंच कुणी लक्ष देत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ अक्षता दुपारी साडेबाराच्या आसपास पडतात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात नेमका याच वेळी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. उघड्या लॉनवर अशा उन्हात काढलेल्या फोटोंत डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात, नाकाची सावली ओठांवर पडते, आणि फेट्याखालचा नवरदेव ओळखू येत नाही. रीलमध्ये बघितलेला तो मऊ सोनेरी उजेड संध्याकाळचा असतो. तो हवा असेल तर गोरज मुहूर्त धरा, नाहीतर दुपारच्या लग्नात त्याची अपेक्षा सोडा.

मावळतीच्या उन्हाची किंमत या गावाला नव्यानं सांगायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात माणसं कशी श्वास रोखून उभी असतात, ते आपण बघतोच. आकाशात जरा ढग आला, की किरणं मूर्तीपर्यंत पोहोचत नाहीत. नैसर्गिक उजेडावर विसंबणाऱ्या फोटोग्राफरची रोजची अवस्था तीच.

मांडव असेल तर कापडाचा रंग बघा. लाल किंवा केशरी कापडातून ऊन गाळून आलं, की खालचे सगळे चेहरे त्याच रंगाचे होतात, आणि एडिटिंगमध्ये तो रंग पूर्ण निघत नाही. पांढऱ्या किंवा मोतिया छताखाली उजेड मऊ येतो. डेकोरेशनवाल्याशी हे एक वाक्य बोललात, तर महागडा कॅमेरा भाड्यानं आणण्यापेक्षा जास्त फरक पडेल.

हॉलमध्ये अडचण वेगळी. स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी पार लाइट असतात. नाचायला बरे, पण शालूचा रंग आणि चेहऱ्यावरची हळद दोन्ही खातात. विधी चालू असतील तेवढा वेळ ते बंद ठेवायला सांगा. फॉग आणि थंड फटाके एंट्रीलाच पुरे.

आता अक्षता. अंतरपाट, मंगलाष्टका, 'शुभमंगल सावधान', आणि पुढच्या काही क्षणांत सगळं संपतं. त्या वेळी स्टेजवर दोन्ही मामा, करवल्या, गुरुजी, अंतरपाट धरणारे, शिवाय चार-पाच कॅमेरेवाले असतात. खालच्या पाहुण्यांना दिसते ती कॅमेरेवाल्यांची पाठ. या एका क्षणासाठी फोटोग्राफरकडून जागा ठरवून घ्या: एक नवरीच्या बाजूला, एक नवरदेवाच्या बाजूला, एक खाली पाहुण्यांत, आणि व्हिडिओ ट्रायपॉडवर. स्टेजवर यापेक्षा जास्त कुणी नको. ज्या टीमला ही मांडणी सांगता येत नाही, ती तिथं धक्काबुक्कीच करणार.

रात्रीची वरात असेल, हलगी-कैताळ असेल, तर 'आम्ही फ्लॅश वापरतच नाही' असं अभिमानानं सांगणाऱ्याचे फोटो कोळशासारखे येतील. तिथं फ्लॅश वापरून नाचातली गती पकडणारा माणूस लागतो. म्हणजे एकाच लग्नात हळदीला डॉक्युमेंटरी, स्टेजवर ट्रॅडिशनल आणि वरातीला फ्लॅशवाला कँडिड, असं होऊ शकतं. व्हायलाही हवं. अख्ख्या लग्नाला एकच शैली लावायचा आग्रह धरू नका. कुठल्या कार्यक्रमाला काय, एवढं ठरवा.

चौथी पायरी: माणसांची यादी

आहेराची रांग दोन तास चालते. हातात पाकीट, चेहऱ्यावर हसू, फोटो, पुढचे या. कंटाळवाणं वाटलं तरी हे टाळता येत नाही. गडहिंग्लजहून दोन बस बदलून आलेल्या मावशीचा तुमच्याबरोबरचा फोटो अल्बममध्ये नसेल, तर ती गोष्ट पुढची दहा वर्षं प्रत्येक कार्यात निघते. म्हणून फक्त कँडिड घेणं मला आपल्याकडं पटत नाही. बजेट आवळायचंच असेल तर ड्रोन काढा, एलईडी वॉल काढा, पण स्टेजवरचा ट्रॅडिशनल माणूस ठेवा. आणि कँडिडवाल्याला रांगेचे फोटो काढायला लावू नका. त्या दोन तासांत तो खाली जेवणावळीत फिरू दे.

जवळच्या माणसांच्या ग्रुप फोटोंची यादी करून दोन्हीकडून एकेक हाक मारणारा नेमा. आवाज खणखणीत हवा आणि सगळी नाती ओळखीची हवीत. हे काम मामेभावाला चांगलं जमतं. फोटोग्राफरला तुमचे चुलते कोण आणि शेजारी कोण, हे कसं कळणार? हे फोटो अक्षता पडल्यावर लगेच, पंगत बसायच्या आत उरका. एकदा माणसं जेवायला गेली, की परत गोळा होत नाहीत.

विधी घराघरांत वेगळे. मराठा, लिंगायत, जैन, ब्राह्मण लग्नांत काय कधी होतं, हे फोटोग्राफरला माहीत आहे असं धरून चालू नका, विशेषतः टीम बाहेरगावची असेल तर. देवक, कानपिळी, लाजाहोम, सूनमुख यांतलं तुमच्याकडं काय आहे आणि कुठल्या वेळी, ते गुरुजींना विचारून लिहून द्या.

पाचवी पायरी: एक अख्खं लग्न मागा

इन्स्टाग्रामवर दिसतात ते वर्षभरातले पन्नास फोटो. तुम्हाला बघायचं आहे एका लग्नाचं सगळं काम, शक्यतो तुमच्यासारख्याच कार्यालयातलं आणि तुमच्याच वेळेचं. दुपारच्या हॉलमधल्या लग्नाचे तीन-चारशे फोटो दाखवायला जो आढेवेढे घेतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

बघताना नवरीवर नजर खिळवू नका. तिच्या हातातल्या हिरव्या चुड्याकडं बघा. हल्लीच्या तयार प्रीसेटमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या ठरीव रंगसंगतीत, हिरवा रंग दाबून टाकलेला असतो, त्यामुळं चुडा शेवाळी-तपकिरी होतो, आंब्याची डहाळी वाळलेली वाटते, आणि कातडी नारिंगी दिसते. परदेशातल्या बागेतल्या लग्नासाठी ही रंगसंगती ठीक असेल. आपल्या हळदी-कुंकवाच्या, हिरव्या-पिवळ्या लग्नाचा त्यात जीव जातो. उलट 'लाइट अँड एअरी' म्हणतात त्यात सगळंच इतकं पांढरट होतं, की अक्षता दिसतच नाहीत. फॅशन बदलली की असे फोटो चटकन जुने वाटतात. साडी दुकानात दिसली तशीच फोटोत दिसते का, ही सोपी कसोटी.

दुसरं, चेहरे. सावळ्या माणसांना गोरं करून टाकण्याची खोड आपल्याकडच्या अल्बम डिझाइनमध्ये अजून आहे. आजीच्या सुरकुत्यासुद्धा पुसतात. 'आमचा रंग आहे तसा ठेवा' हे तोंडानं सांगा आणि लिहूनही द्या.

व्हिडिओत आवाज ऐका. मंगलाष्टका स्पीकरवरून घोगऱ्या येतात की स्वच्छ? चांगला व्हिडिओवाला साउंडवाल्याच्या मिक्सरवरून आवाज घेतो, नाहीतर गुरुजींना छोटा माइक लावतो.

चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथं स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्याचा मानस्तंभ खरी कॉर्नरला उभा आहे. 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ साली याच गावात सुरू झाली. कॅमेऱ्याच्या मागं उभं राहणारी माणसं कोल्हापूरला कधी कमी पडली नाहीत. त्यामुळं फक्त पुण्या-मुंबईची टीम म्हणून भुलून जाऊ नका. इथल्या कार्यालयांचा उजेड इथल्याच माणसाला पाठ असतो.

सहावी पायरी: प्री-वेडिंग हवं का?

तो तुमच्यासाठी सराव असेल, तर हवं. कॅमेऱ्यासमोर लाजणाऱ्यांचा संकोच त्या दिवशी बराच मोडतो आणि फोटोग्राफरची ओळख होते. निव्वळ एलईडी वॉलवर दाखवायला असेल, तर मी ते पैसे अल्बमवर घालेन.

जागा निवडताना शैली धरून निवडा. रंकाळ्यावर संध्याकाळी पाण्यावरचा उजेड सुरेख असतो, पण भेळ खायला आलेलं अर्धं गाव तुमच्याकडं बघत असतं. बुजऱ्या जोडप्यानं तिथं सकाळी लवकर जावं. पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुकं इतकं असतं, की मागं तीन दरवाजा आहे की भिंत हे कळत नाही. धुक्यातलेच फोटो हवे असतील तर उत्तम, किल्ला दिसायला हवा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर बरा. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप, वर गोल मोकळं आकाश आणि भोवती ४८ खांब, एडिटोरियल शैलीला जागा म्हणून तोड नाही. पण ते जागतं देऊळ आहे, आणि संरक्षित स्मारकही. पन्हाळाही संरक्षित आहे, २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. ट्रायपॉड, लाइट लावून शूट करायचं तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. ती कोण काढणार, हे आधी ठरवा. 'तिथं आमची ओळख आहे' हे उत्तर धरू नका.

सातवी पायरी: विसार देण्याआधी कागदावर

आता पॅकेज. चांगल्या मुहूर्ताला गावात एकाच दिवशी शेकडो लग्नं असतात, आणि ज्याचं काम बघून तुम्ही ठरवलंत तोच येईल असं नाही. 'तुम्ही स्वतः येणार की माणूस पाठवणार?' हा प्रश्न पहिला. नाव लिहून घ्या.

मग किती तास, कोणकोणते कार्यक्रम, जादा तासाचा दर, एडिट केलेले फोटो साधारण किती, अल्बमचा आकार आणि पानं (आपल्याकडं १२ बाय ३६ चा सरसकट चालतो), फोटो कधी आणि अल्बम कधी. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवतात का, हेही विचारा. एक कार्ड बिघडलं तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

फोटोंच्या मालकीबद्दल गैरसमज फार. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणून सही करण्याआधी करारातल्या मालकीच्या ओळी वाचा. तुमचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायला तुमची हरकत नसेल तर तसं लिहा, असेल तर तसं लिहा. हळदीचे फोटो नकोत पण लग्नाचे चालतील, असंही लिहिता येतं.

ड्रोन घेतलाच, तर एक लक्षात ठेवा: उजळाईवाडीला विमानतळ आहे आणि गोकुळ शिरगावपासून हायवेच्या कडेची बरीच लॉन त्याच भागात येतात. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाभोवतीच्या रेड आणि यलो झोनमध्ये परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. झोन कुठला ते सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशावर दिसतं. ड्रोनवाल्याला तो नकाशा तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा.

शेवटच्या आठवड्यात

फोटोग्राफरला कार्यक्रमांचं वेळापत्रक, ग्रुपची यादी आणि हाक मारणाऱ्यांचे फोन नंबर एकाच मेसेजमध्ये पाठवा. गुरुजींशी त्याची गाठ घालून द्या. हार घालताना दोन क्षण थांबायला ते आनंदानं तयार होतात, पण आधी सांगितलेलं असेल तरच. नवरीची तयारी ठरल्यापेक्षा तासभर आधी सुरू करा, पार्लरवाली कितीही 'होतंय की' म्हणाली तरी. टीमच्या जेवणाची वेळ पहिल्या पंगतीत ठरवा, नाहीतर पाठवणीच्या वेळी कँडिडवाला ताटावर असतो.

फोटो हातात आले की त्याच दिवशी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, एक तुमच्याकडं आणि एक माहेरी. अल्बमसाठी फोटो निवडायचं काम महिन्याभरात उरका. पहिली निवड दोघांनीच करा, मग दोन्हीकडच्या आईंना प्रत्येकी वीस फोटो घालायची मुभा द्या, आणि ते कुठले म्हणून वाद घालू नका.